रावसाहेबी अक्षर

जोतिराम पेंटरला आज सोलापुरात कोण ओळखतं, असं विचारलंत तर खरं सांगायचं म्हणजे फारसं कुणी नाही. पण रावसाहेब-जोतिराम अशी जोडीनं नावं घेतलीत, तर कन्ना चौकापासून साखर पेठेपर्यंत पन्नाशी उलटलेला कुठलाही दुकानदार आधी मान वर करून आपल्या दाराच्या वर बघेल. तिथं आता फ्लेक्स असतो. तरी मान जाते वर, सवयीनं.

त्या भागातली जुनी दुकानं तुम्ही बघितली असतील तर तुम्हाला कळेल. दार जेमतेम, आणि मालकाचं नाव लांबलचक. विणकरांची तेलुगू वस्ती ती. मालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, खाली काय काय विकतो त्याची जंत्री, आणि हे सगळं बसवायचं दाराएवढ्या पत्र्यावर. बाकीचे पेंटर मालकालाच दम द्यायचे, की बापाचं नाव काढा, नाहीतर अक्षर मुंगीएवढं होईल. रावसाहेबानं कधी कुणाच्या बापाला बोर्डावरून उतरवलं नाही. त्यानं अक्षरंच अशी काढली, की जणू सगळी पोट आत ओढून, खांद्याला खांदा लावून उभी आहेत. उंच, सडपातळ, माथा जाड आणि पाय बारीक. रस्त्याच्या पलीकडून, सायकलवरून जातानासुद्धा एका दमात वाचता यायची. लोक त्याला रावसाहेबी अक्षर म्हणायला लागले. दुसऱ्या पेंटरकडे जाऊनही गिऱ्हाईक सांगायचं, आम्हाला रावसाहेबी पाहिजे. आता बोला.

रावसाहेब बुधवार पेठेतला, बौद्ध वस्तीत वाढलेला. जोतिराम सांगोल्याकडचा, धनगराच्या घरचा. मेंढरं बापाकडं सोडून शहरात आला तो रावसाहेबाच्या शिडीखालीच येऊन थांबला. शिडी धरता धरता हातात ब्रश आला. पण त्या दोघांची कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती आणि ती शेवटपर्यंत मोडली नाही. अक्षराची कड रावसाहेब ओढणार, आतला रंग जोतिराम भरणार. धंद्यात कडेला रेघ म्हणतात आणि आतल्याला पोट. रेघ रावसाहेबाची, पोट जोतिरामचं. दर दसऱ्याला जुने बोर्ड ताजे करायचे, तेव्हाही तसंच. रेघेवरून रावसाहेबाचा ब्रश फिरल्याशिवाय जोतिराम रंगाचा डबा उघडायचा नाही.

रावसाहेब म्हणायचा, "जोत्या, रेघ शिक की लेका. मी काय जलमभर पुरणार हाय व्हय तुला?"

जोतिराम हसायचा. "तू हाय की. मला कशाला पायजे रेघ?"

हे त्याचं उत्तर. वर्षानुवर्षं एकच. आळशी होता म्हणावं तर तसंही नाही, उन्हातान्हात शिडीवर उभा राहून माणूस रंग भरायचा. पण दोस्ताच्या रेघेच्या आत त्याला लई बरं वाटायचं. तिथं चूक होत नाही, कुणी बोल लावत नाही. शहाण्या माणसानं अशा सुखात राहू नये, पण राहतात माणसं.

मग फ्लेक्स आला. रावसाहेबाचे बोर्ड एकेक करून खाली उतरले, कुणी ते पत्र्याच्या शेडला लावले, कुणी भंगारात घातले. आणि एका दुपारी छातीत कळ येऊन रावसाहेबही गेला. त्याची पोरगी प्रतिक्षा तेव्हा शाळेत होती. जोतिरामनं खांदा दिला, सगळं केलं, आणि नंतर घरांच्या खिडक्यांचे गज आणि पाण्याच्या टाक्या रंगवायला लागला. बोर्डाला परत हात लावला नाही.

त्या प्रतिक्षाचा यंदा फोन आला. पोरगी आता पुण्यात शिकून तिथंच नोकरीला लागलेली. काम काय, तर कॉम्प्युटरसाठी अक्षरं तयार करायची.

"काका, मी बाबांच्या अक्षराचा फॉन्ट करतेय."

"म्हंजे गं?"

"म्हणजे बाबांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये घालायची. मग कुणीही, कुठंही काही टाइप केलं, की ते बाबांच्या हातचं उमटेल. दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका, पेपरातली हेडलाइन, काहीही."

जोतिरामच्या डोक्यात एवढंच आलं, की म्हणजे रावसाहेब परत कामाला लागणार. त्याला इतका आनंद झाला की फोन कानाला धरूनच तो दारात जाऊन उभा राहिला.

"पण काका, अडचण आहे. बोर्डच राहिले नाहीत. मी सगळीकडं विचारलं. एकच आहे. कन्ना चौकाच्या मागं, गंगम्मा येमूल यांचं दुकान. माझ्या मैत्रिणीनं रिक्षातून जाता जाता मोबाइलवर फोटो काढला, तो इतका हललाय की त्यातून अक्षर उचलता येत नाही. पण बोर्ड बाबांचाच आहे. नाव एवढं लांब आहे की बरीच अक्षरं त्या एका बोर्डात मिळतील, बाकीची त्यांच्यावरून बांधता येतील. मी रविवारी येते. मोठा कागद लावून अक्षरन् अक्षर छापून घेणार."

"ये की. मी हाय हितं," जोतिराम म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तो बोर्ड बघायला गेला. सुताचं, रंगाचं, मागाच्या सुट्या भागांचं दुकान ते. गंगम्मा गल्ल्यावर बसलेली. नवरा गेल्यापासून तीच दुकान बघते, आणि फ्लेक्सवाला दारात आला की त्याला चहा पाजून परत पाठवते. बोर्ड होता. 'दुर्गय्या राजय्या येमूल' आणि त्याखाली 'सूत, रंग व मागाचे सुटे भाग'. पिवळ्यावर लाल. पण पिवळं आता मातकट झालेलं, लाल उडून गुलाबी पडलेलं, जागोजाग पापुद्रे सुटलेले आणि एका कोपऱ्यावर पारव्यांनी आपली कृपा केलेली. जोतिरामला बघवेना. आपल्या दोस्ताचं एवढंच उरलंय, आणि ते या अवस्थेत?

"अक्का, मी ह्यो ताजा करू का?" त्यानं विचारलं.

"करा की पेंटर," गंगम्मा म्हणाली. "तुमचाच आहे बोर्ड. पैसे काय घ्याल?"

"पैशाचं नाव काढू नका."

घरी येऊन त्यानं बायकोला, बजाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "पोरीला एकदा इचारा तरी."

"त्यात इचारायचं काय? पाव्हणं यायच्या आदी आपुन घर झाडतो का न्हाय? पुण्याची पोरगी येणार, फोटो काढणार. बापाचा बोर्ड तिला असा दाखवू व्हय?"

बजाबाईनं पुढची भाकरी थापायला घेतली. आणखी काही बोलली असती तरी त्यानं ऐकलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल करावं. आधी पारव्यांची घाण ओल्या फडक्यानं काढली. मग पॉलिश पेपर घेऊन सगळा पत्रा घासला, कारण खडबडीत जुन्या रंगावर नवा रंग धरत नाही. पापुद्रे निघून गेले, पत्रा गुळगुळीत झाला. जुन्या अक्षरांची पुसट लाल सावली तेवढी राहिली. त्या सावलीच्या बाहेर पिवळा, आत लाल. जिथं सावलीही गेली होती, तिथं अंदाजानं. कडेवरून ब्रश फिरवताना त्याचा हात जरा जड जायचा, मध्येच थांबायचा. त्याला वाटलं, वय झालंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी तो प्रत्येक अक्षरापाशी थांबून मनात म्हणायचा, रावसाहेब, बघ रे, तुझ्याच रेघेवरनं चाललोय. दोन दिवस लागले. शिडीवरून उतरून तो रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. बोर्ड नव्यासारखा चमकत होता. गल्लीतल्या लोकांनीही मान डोलावली. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

रविवारी प्रतिक्षा आली. खांद्यावर कॅमेरा, हातात कागदाची लांब गुंडाळी. जोतिराम तिला घ्यायला चौकापर्यंत गेला होता. बापाची उंची घेतली होती पोरीनं. वाटेत तो बोलतच होता, की कुठल्या दुकानाला कुठला रंग होता, रावसाहेब चहा कुठं प्यायचा. गल्लीत वळल्यावर त्यानं बोट वर केलं.

"बघ."

प्रतिक्षानं बघितलं. चालता चालता तिचे पाय थांबले.

"काका, हे कुणी रंगवलं?"

"मीच की. तुझ्या बापाच्या रेघेवरनंच गेलो बघ, एक सूत हिकडं न्हाय का तिकडं न्हाय."

तिनं गंगम्माकडून स्टूल मागून घेतलं, वर चढली आणि एका अक्षरावरून बोट फिरवत राहिली. मग दुसऱ्यावरून. जोतिराम खालून स्टूल धरून उभा. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"आधी घासलं होतं?" तिनं वरूनच विचारलं.

"मग? घासल्याबगर रंग कसा धरंल?"

"बरोबर आहे," ती म्हणाली.

खाली उतरून तिनं चार फोटो काढले. कागदाची गुंडाळी तिनं उघडलीच नाही. "छान झालंय, काका," असं म्हणाली, पाणी प्यायला म्हणून दुकानात जाऊन आली, आणि आईकडं जेवायला जाते म्हणून रिक्षात बसली. जोतिरामला आपलं वाटलं, पोरगी दमली असेल प्रवासानं.

तो निघाला तशी गंगम्मानं त्याला हाक मारली. ती बाई बोलायला सरळ, आडपडदा तिला जमत नाही.

"पेंटर, ती पोरगी माझ्या दुकानात रडून गेली. पाणी मागितलं, पण प्यायली नाही. तोंडाला पदर लावतात तशी ओढणी लावून उभी होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणते, बाबांचा हात गेला."

जोतिराम रस्त्यावर आला आणि पलीकडं जाऊन पुन्हा बोर्डाकडं बघत उभा राहिला. या वेळी त्यानं रंगाची चमक बघितली नाही, कडा बघितल्या. आणि मग त्याला दिसलं. रावसाहेबाची अक्षरं आत पोट ओढून उभी राहायची. ही पोटं सोडून उभी होती. प्रत्येक अक्षर कडेला थोडं थोडं सुटलेलं, पाय जाड झालेले, वळणं गोल गोल गोजिरी झालेली. अक्षरामागून अक्षर, सगळ्या ओळीभर. तीस वर्षं पोट भरणाऱ्या माणसानं रेघेवरही पोटच भरून ठेवलं होतं.

पण माणूस चटकन हार मानत नाही. त्याला आठवलं, की रंग अजून पुरता सुकलेला नाही. टर्पेंटाइननं नवा रंग निघतो, खालचा जुना टणक झालेला असतो तो राहतो; हे धंद्यातलं साधं ज्ञान. शिडी लावली, फडकं भिजवलं, आणि दुसऱ्या ओळीतलं पहिलं अक्षर धरलं, 'सूत'मधला 'सू'. हळूहळू पुसलं. लाल फडक्यावर आलं. आणखी पुसलं. मग फिकट गुलाबी आलं. तेव्हाच त्यानं थांबायला पाहिजे होतं, पण थांबला नाही; त्याला वाटलं खाली अजून आहे. खाली पत्रा निघाला. पांढरा, कोरा पत्रा. दोन दिवसांपूर्वी ज्या काळजीनं त्यानं जुना रंग घासून काढला होता, तिनंच खाली काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

तो तसाच बुधवार पेठेत गेला. हाताला टर्पेंटाइनचा वास. प्रतिक्षानं दार उघडलं. तिची आई शेजारी गेली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या बाजूला रावसाहेबाचा.

"पोरी, मी घाण केली," तो दारातच म्हणाला. "मला शिव्या घाल."

"आत या, काका."

"न्हाय, आदी शिव्या घाल."

प्रतिक्षानं त्याला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज शांत होता, आणि जोतिरामला त्याचीच धास्ती वाटली.

"काका, तुम्ही मायेनंच केलंत. मला माहितीय. तुमच्यावर रागावता येत नाही, तेच जड जातंय. बाबा ब्रश कुठं टेकवायचे, कुठं उचलायचे, कडेला ब्रशचे केस कसे ओढले जायचे, ते सगळं त्या जुन्या रंगात होतं. उडालेल्या रंगातही होतं. मला तेवढंच पाहिजे होतं."

"मग त्ये आता कुटंच न्हाय?"

"नाही."

मग प्रतिक्षानं टेबलावर कागद पसरला, एक ब्रश आणि काळी शाई त्याच्यापुढं ठेवली.

"काका, तुम्ही काढा. तीस वर्षं तुम्ही त्यांच्या शेजारी होता. दुसरं कुणीच नाही ज्यानं एवढ्या जवळून बघितलंय. तुमच्या हातात असेल कुठंतरी."

खरं सांगतो, त्या पोरीनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जोतिरामनं ब्रश उचलला. 'क' काढायचा म्हणून हात नेला, तर ब्रश कागदाच्या मधोमध टेकला, आणि आतून बाहेर पसरत गेला, जसा तो आयुष्यभर पसरत आला होता. कागदावर एक काळा ठिपका मोठा मोठा होत राहिला. त्यानं दुसऱ्या कागदावर केलं, तिसऱ्यावर केलं. कड काही आली नाही. डोळ्यांपुढं रावसाहेबाचं अक्षर लख्ख दिसत होतं, हातातून मात्र येत नव्हतं.

"मला रेघ येत न्हाय," तो म्हणाला. "त्यो शिकीव शिकीव म्हणायचा. मी शिकलो न्हाय."

प्रतिक्षानं ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला आणि धुवायला मोरीत गेली.

जाताना त्यानं विचारलं, "मग त्या बोर्डावरचं हाय तसंच घे की कॉम्प्युटरात. बापाचं नाव दे. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना, काका," ती म्हणाली. "ती तुमची अक्षरं आहेत. बाबांचं नाव कसं देऊ त्यांना?"

सोमवारी ती पुण्याला गेली. पुढं फॉन्टचं काही निघालं नाही. जोतिरामनं विचारायला दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला.

काही दिवसांनी गंगम्माचा निरोप आला, की बोर्डावर भोक पडल्यासारखं दिसतंय, तेवढं अक्षर घालून जा. गिऱ्हाइकं विचारतात, 'त' म्हणजे काय विकता. जोतिराम गेला. उघड्या पत्र्यावर पिवळा मारला, सुकू दिला, दुसऱ्या दिवशी लाल रंगाचा डबा घेऊन परत शिडी चढला. सकाळची वेळ, दुकानात दोन-तीन विणकर सूत बघत उभे. त्यानं ब्रश बुडवला, काठावर निथळवला आणि पत्र्याजवळ नेला. मग हात तसाच अधांतरी राहिला.

"काय झालं, पेंटर?" खालून गंगम्मानं विचारलं.

"रेघ न्हाय हितं, अक्का."

"मग ओढा की."

"ती ओढणारा गेला."

"त्यांना जाऊन किती वर्षं झाली आता," गंगम्मा म्हणाली.

जोतिरामनं ब्रश डब्यात ठेवला आणि एकेक पायरी धरत खाली आला. रावसाहेबाला खांदा देताना तो रडला नव्हता. बोर्ड कमी होत गेले तरी कुठल्या ना कुठल्या गल्लीत वर मान केली, की रावसाहेब कुणाच्या तरी दारावर उभा असायचा. मग कशाला रडायचं? आज मात्र तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या देखत, कालच कुणी गेल्यासारखा रडला. गंगम्मानं विणकरांना हातानंच खूण केली, की जरा थांबा, आणि ती गल्ला सोडून त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.